मज्जा कुणाची, मर्जी कुणाची?

"ताई, माझी मज्जा काढून दादाला देणार, मग मला मज्जा करता येणार नाही का?"

सात वर्षांच्या एका मुलीनं माझ्या टेबलासमोर बसून हा प्रश्न विचारला. तिचे वडील हसले, मामा हसला, मीही हसले. डॉक्टर नुकतेच 'अस्थिमज्जा' हा शब्द वापरून गेले होते आणि त्यातला तेवढाच भाग पोरीच्या ओळखीचा होता. हसून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे फॉर्म पुढे ओढला. दाता : बहीण. वय : ७. संमती : वडील. वडिलांची सही झाली, साक्षीदार म्हणून माझी झाली. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही.

मैत्रिणींनो, मी वैद्यकीय समाजसेविका आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली अकरा वर्षं रुग्णालयात काम करते आहे, त्यातली बरीचशी थॅलेसेमियाच्या मुलांबरोबर. या मुलांच्या शरीरात धड रक्त तयार होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह यकृतात, हृदयात साठत जातं, म्हणून ते बाहेर काढायची औषधं रोज घ्यावी लागतात. आयुष्यभर चालणाऱ्या या फेऱ्यातून मुलाला बाहेर काढणारा, बहुतेकांच्या आवाक्यातला म्हणावा असा एकच उपाय आहे : बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट, म्हणजे अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण. 'आवाक्यातला' हा शब्दही मी जपूनच वापरते, कारण खर्च दहा-पंधरा लाखांच्या घरात जातो. माझा अर्धा दिवस ट्रस्टांची दारं ठोठावण्यात जातो. कोल इंडियानं २०१७ पासून थॅलेसेमियाच्या गरीब मुलांसाठी दहा लाखांपर्यंत मदतीची योजना सुरू केली, तेव्हा आमच्या वॉर्डात पेढे वाटले गेले होते.

तेव्हा हे आधीच सांगते, की माझी तक्रार या उपचाराविरुद्ध नाही. रक्ताच्या पिशवीला बांधलेली मुलं उपचारानंतर शाळेत जाताना मी पाहिली आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की या उपचाराला लागणारा कच्चा माल आणि लागणारे कष्ट बहुतेक वेळा घरातल्या बाईचे किंवा मुलीचे असतात, आणि तिची मर्जी विचारण्याची पद्धत आपल्याकडे पडलेलीच नाही.

आधी मज्जा म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्या गटांतही याबद्दल फार गैरसमज आहेत. आपल्या मोठ्या हाडांच्या आत स्पंजासारखा मऊ गर असतो. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. रुग्णाचा स्वतःचा बिघडलेला गर जबर औषधं देऊन मारून टाकतात आणि निरोगी माणसाचा गर सलाइनसारखा शिरेतून चढवतात. त्यातल्या मूळ पेशी आपणहून हाडांत जाऊन रुजतात. दात्याकडून हा गर घेतात तो कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन, जाड सुईनं. पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही. आठवडाभर कंबर दुखते, थकवा येतो, आणि काही आठवड्यांत काढलेला गर पुन्हा भरून येतो. मोठ्या माणसांना चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन हाताच्या शिरेतूनही या पेशी काढता येतात. देणारी लंगडी होत नाही, वांझ होत नाही. भुलीचा थोडा धोका असतो, दुखतंही. पण हे दान मूत्रपिंडासारखं कायमचं नव्हे.

अडचण असते ती जुळण्याची. रक्तगट जुळणं इथे पुरत नाही. पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या निम्म्या आईकडून आणि निम्म्या बापाकडून येतात. म्हणून सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाची पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. एका बीजातल्या जुळ्यांचं आपसूक जुळतं.

या उपचाराचा इतिहास सांगताना अमेरिकेच्या डॉ. ई. डॉनल थॉमस यांचं नाव घेतात. १९५० च्या दशकात त्यांनी जुळ्यांवर हे काम सुरू केलं आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या पत्नी डॉरथी प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलेल्या. पहिल्यापासून त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत उभ्या राहिल्या, नोंदी ठेवल्या, निबंध तपासले, पैशांचे हिशेब सांभाळले. सहकारी त्यांना या उपचाराची आई म्हणत. पारितोषिक अर्थातच बापाला मिळालं. आणि आपल्या देशातलं पहिलं प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ च्या मार्चमध्ये झालं, ते रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर. डॉ. सुरेश अडवाणींनी केलेलं. हे मी आवर्जून सांगते, कारण सुरुवात मुलीपासून झालेल्या या उपचारात आज मुली मागे आहेत. आपल्या देशातल्या मोठ्या कर्करोग केंद्रांच्या नोंदी तपासून २०२२ साली डॉक्टरांनी 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त लिहिलं, की दाखल होणाऱ्या बालरुग्णांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कितीतरी जास्त आहे. निसर्गानं जेवढा फरक पडावा त्याहून जास्त. आणि उपचार जितका महाग तितका हा फरक वाढतो. आजारी मुलगी रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, मग तिची नोंद कुठून होणार?

माझ्या टेबलासमोरचीच दोन घरं सांगते. एकाच वर्षातली, एकाच जिल्ह्यातली.

पहिलं घर त्या सात वर्षांच्या मुलीचं. दादा दहा वर्षांचा, थॅलेसेमियाचा. तिची चाचणी जुळली म्हटल्यावर घरानं एका संध्याकाळीत निर्णय घेतला. 'बहीण भावासाठी एवढं नाही करणार?' असं मामा म्हणाला आणि विषय संपला.

दुसऱ्या घरात आजारी होती ती मुलगी, नऊ वर्षांची. तिचा पाच वर्षांचा भाऊ जुळला. मी फार आनंदानं त्यांना बोलावलं. आजी पदर सावरून पुढे आली आणि म्हणाली, "बाई, एकुलता एक पोर हाय. वंशाचा दिवा. त्याच्या हाडात सुई घालू द्यायची न्हाई." मी चित्र काढून दाखवलं, डॉक्टरांना दोनदा बोलावलं. बाप खाली मान घालून बसला. आई काही बोलली नाही. जाताना जिन्यात मात्र थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, उलटं असतं ना, तर मला कुणी विचारलंही नसतं."

सुई तीच, हाड तेच, धोकाही तेवढाच. एका घरात तो 'काहीच नाही' होता आणि दुसऱ्या घरात वंशबुडीएवढा मोठा. ती नऊ वर्षांची मुलगी आता सोळाची आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येते, वॉर्डातल्या मावशींशी गप्पा मारते. या उपचाराला लहान वय चांगलं. लोह साठत गेलं की धोका वाढत जातो. तिच्या यकृताचे रिपोर्ट मी पाहते तेव्हा मला तो जिना आठवतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडसर येतो. प्रत्यारोपणाआधीच्या जबर औषधांनी बीजांडकोशाला इजा होते. पुढे मूल होण्याची शक्यता बरीच कमी होते. मुलग्यांच्या बीजावरही परिणाम होतो, पण ते ऐकून कुठल्याही बापानं उपचार थांबवल्याचं मला आठवत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र मी स्पष्ट ऐकलं आहे, 'बरी होऊन वांझ राहणार असेल, तर एवढा खर्च कशाला?' जिवंत राहण्याचा तिचा हक्क आपण तिच्या गर्भाशयाला जोडून ठेवला आहे. औषधांआधी बीजांडकोशाचा तुकडा गोठवून ठेवण्याची सोय काही ठिकाणी आहे. ती मागायला हवी, पण ती नाही म्हणून मुलीला मरणाच्या वाटेवर ठेवणं हा न्याय नव्हे.

आता आईकडे वळू. मूल आजारी निघालं की पहिला बोल तिलाच लागतो. 'हिच्या माहेरचं रक्त खराब.' खरं तर थॅलेसेमियाचा मोठा आजार मुलाला होतो तो आई आणि बाप दोघंही वाहक असतील तेव्हाच. एकटी आई तो देऊच शकत नाही. हे साधं शास्त्र मी बापांना समोर बसवून सांगते तेव्हा आयांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. एका बाईनं मला तेच वाक्य कागदावर लिहून मागितलं. घरी सासूला दाखवायला.

मग भावंडांत कुणी जुळत नाही असं कळतं आणि घरात दुसरी कुजबुज सुरू होते : आणखी एक मूल होऊ द्या, कदाचित जुळेल. हिशेब मांडून पाहा. प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. आजारी नसलेलं आणि शिवाय जुळणारं निघण्याची शक्यता सोळांत तीन. त्या तीनांसाठी बाईनं नऊ महिने वाहायचं, दहा-बारा आठवड्यांना वारेतून सुई घालून तपासणी करायची, आजारी गर्भ निघाला तर पाडायचा, आणि पुन्हा सुरुवात. असं तीनदा केलेली बाई मी पाहिली आहे. तिच्या अंगात स्वतःचं रक्त सात ग्रॅम होतं.

पैसेवाल्यांसाठी दुसरा मार्ग आहे. प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचे, तपासायचे, निरोगी आणि जुळणारा निवडून गर्भाशयात ठेवायचा. अमेरिकेत २००० साली असं पहिलं बाळ जन्मलं. आपल्याकडेही अशा तऱ्हेनं जन्मलेल्या एका लहान मुलीची मज्जा २०२० साली तिच्या मोठ्या भावाला दिल्याची बातमी आली. वर्तमानपत्रांनी तिला 'तारणहार बहीण' म्हटलं. भाऊ बरा झाला याचा आनंदच आहे. पण बातमीत आईनं घेतलेल्या संप्रेरकांच्या इंजेक्शनांची, बीजं काढतानाच्या भुलीची ओळ मला सापडली नाही. त्या बाळाला तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

गर्भाची निवड हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. १९८० च्या दशकात मुंबईतल्या गटांनी गर्भलिंगचाचणीविरुद्ध रस्त्यावर येऊन १९८८ साली महाराष्ट्राचा कायदा करवून घेतला, मग १९९४ साली देशाचा झाला. त्या कायद्यानं थॅलेसेमियासारख्या आजारांसाठी गर्भतपासणीला परवानगी दिली आहे आणि ती योग्यच आहे. पण तेव्हा आपण जे शिकलो ते इथेही लागू आहे : तंत्र कितीही चांगलं असो, ते ज्या घरात शिरतं त्या घराच्या उतरंडीनुसार वापरलं जातं.

"ताई, इथे जीव जातोय आणि तुम्ही हक्क काय सांगता?" हा प्रश्न मला वॉर्डातच नव्हे, आपल्या एका शिबिरातही विचारला गेला. रास्त प्रश्न आहे. मी कुणाला 'देऊ नका' म्हणत नाही. विचारा, एवढंच म्हणते. आणि वेळेवर विचारा. कारण एकदा रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी मारली, की दात्यानं मागे फिरणं म्हणजे रुग्णाचा मृत्यू. त्यानंतर विचारणं हे विचारणं राहत नाही, ती जबरदस्ती होते.

त्या सात वर्षांच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी एकटीला बोलावलं. त्या सहीनं मला रात्रभर झोप लागली नव्हती. वांगं चिरून आतला गर दाखवला, सुई दाखवली, दुखेल हेही सांगितलं. ती बराच वेळ बाहुलीचे केस विंचरत बसली. मग म्हणाली, "देते. पण दुखलं तर आई माझ्याजवळ झोपणार."

ही तिची एकच अट होती आणि ती आम्हाला पाळता आली नाही. आई दादाबरोबर निर्जंतुक खोलीत होती. तिथून पाच-सहा आठवडे ती बाहेर येऊ शकत नव्हती. मुलाला खाऊ घालणं, त्याच्या लघवीचं माप लिहिणं, उलट्या पुसणं, सगळं तिच्याकडे. बाप गावाकडे कामावर. मज्जा काढली त्या रात्री मुलगी सर्जिकल वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी आजीचा हात धरून झोपली. सकाळी मी गेले तेव्हा तिनं मला काही विचारलं नाही. दादा आज बरा आहे, सायकल चालवतो. सगळे त्याला बघायला येतात. तिच्या कमरेकडे बघायला कुणी आलं नाही.

या मुलीसाठी आईच्या जागी बाप खोलीत बसू शकला असता. रजा मिळवायला मी पत्र देऊ शकले असते. ते मला सुचलं नाही, कारण आजारी मुलाजवळ आई बसते हे मीही गृहीत धरून चालले होते. अकरा वर्षं काम केलेली, तुमच्याबरोबर घोषणा दिलेली मी.

म्हणून आता काही गोष्टी आपण सर्वांनी मिळून मागाव्यात असं मला वाटतं.

पहिली, दात्याची बाजू पाहणारी व्यक्ती वेगळी हवी. रुग्णासाठी पैसे जमवणारी समाजसेविका दात्याला मोकळेपणी 'नाही म्हण' कशी सांगणार? मी दोन्ही टोप्या घातल्या आहेत, त्या एका डोक्यावर बसत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१० सालीच लहान दात्यांसाठी असा स्वतंत्र पाठीराखा असावा असं म्हटलं आहे. आपल्याकडे दुसऱ्या विभागातली समाजसेविका किंवा स्त्री संघटनेची कार्यकर्तीही हे काम करू शकेल.

दुसरी, फॉर्मवर आईचीही सही घ्यावी आणि मुलाशी एकट्यानं बोलल्याची नोंद असावी. आई हीसुद्धा नैसर्गिक पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ सालीच सांगितलं. आमच्या फॉर्मवर अजून 'वडिलांचे नाव' हाच रकाना ठळक आहे.

तिसरी, बापांनी दाता व्हावं. पूर्ण जुळणारं भावंड नसलं तरी अर्ध्या जुळणाऱ्या दात्याची मज्जा वापरून आता प्रत्यारोपण करता येतं. त्यात धोका थोडा अधिक आहे, पण बाप आपल्या प्रत्येक मुलाशी अर्धा जुळतोच. शिवाय गर्भारपणात बाईच्या रक्तात काही प्रतिद्रव्यं तयार होतात, म्हणून बरेचदा डॉक्टर पुरुष दात्यालाच पसंती देतात. तेव्हा 'आईनंच द्यायचं असतं' याला शास्त्राचा आधार नाही.

चौथी, लग्नाआधी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीला रक्ताची चाचणी दोघांचीही व्हावी. गावोगावच्या शिबिरांत मी पाहते, आधी मुलीचा रिपोर्ट मागतात आणि ती वाहक निघाली की सोयरीक मोडते. मुलाला तपासतच नाहीत. एकटी वाहक असणं हा आजार नाही, दुसरा जोडीदार वाहक नसेल तर मुलांना मोठा थॅलेसेमिया होत नाही. हे आपल्या आरोग्यसख्यांनी तोंडपाठ करावं.

आणि पाचवी, आपण स्वतः नोंदणी करावी. घरात कुणी जुळलं नाही तर परक्या माणसाची मज्जा चालते, त्यासाठी आपल्या देशात दात्यांच्या नोंदवह्या आहेत. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की झालं. आपल्या एवढ्या मोठ्या देशाच्या मानानं या नोंदी फारच थोड्या आहेत. जितके परके दाते वाढतील, तितकी घरातल्या धाकटीवरची सक्ती कमी होईल. बाईनं आपल्या मर्जीनं, समजून-उमजून, अनोळखी माणसाला दिलेली मज्जा आणि पोरीकडून न विचारता काढून घेतलेली मज्जा, यांत फार अंतर आहे.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात यावर बोला. तुमच्या भागातल्या रुग्णालयात दात्याशी कोण बोलतं, एवढं विचारून या. मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. आता फॉर्म पुढे ओढण्याआधी मी दात्याला खुर्चीवर बसवते, बाकी सगळ्यांना बाहेर पाठवते आणि विचारते, "तुला काय वाटतं?" बहुतेक मुली आधी दाराकडे बघतात. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ आपण दिला पाहिजे.